जर्मनचं भांडं जुळत का नाही? ॲल्युमिनियमच्या न दिसणाऱ्या कातड्याची गोष्ट

मे महिन्यातली भर दुपार. अमळनेरकडचे आमच्या ओळखीतले एक नाना मोटारसायकलला दुधाची कॅन बांधून दारात उभे राहिले. चाळीस लिटरची, ॲल्युमिनियमची कॅन. तळाच्या कडेला बोटभर चीर गेली म्हणून त्यांनी ती गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे टाकली होती. वखराची पास, ट्रॉलीचा हुक, गोठ्याचं फाटक, सगळं वर्षानुवर्षं त्याच माणसानं जोडून दिलेलं. त्यानं रॉड टेकवला, दोन ठिणग्या उडाल्या आणि चिरेच्या जागी दहाच्या नाण्याएवढं भोक पडलं.

"हाई काय व्हयनं भो?" भोकात बोट घालून नाना मला विचारत होते. माणूस तोच, मशीन तेच, रॉडही नवा. लोखंड जुळतं, मग हे का नाही?

मी मुलांना वेल्डिंग शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. शेतकरी विचारतात, वायरमन विचारतात, खिडक्यांचं काम करणारी पोरं विचारतात. कॅन, कूलरची पत्री, सोलर पॅनेलची चौकट, स्टार्टरपर्यंत येणारी वायर, कॉलेजच्या मुलाच्या सायकलचा सांगाडा. ॲल्युमिनियम आता घरात आणि वावरात सगळीकडे आहे, आणि ते मोडलं की काय करायचं हे फार कमी जणांना ठाऊक असतं. त्या दिवशी नानांना ओट्यावर बसवून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

गंजत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याकडे म्हातारी माणसं अजूनही ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. जर्मनला गंज चढत नाही, असं त्याचं कौतुकही करतात. खरं तर ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा फार लवकर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं. ताजं कापलेलं ॲल्युमिनियम हवेत आलं की क्षणात त्याच्यावर एक थर धरतो. या थराला ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणतात. मी यापुढे त्याला सरळ कातडं म्हणेन.

लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि गंज आत आत शिरतो. ॲल्युमिनियमचं कातडं मात्र धातूला घट्ट चिकटून बसतं आणि आतल्या धातूपर्यंत हवा पोचूच देत नाही. त्याची जाडी दोन ते चार नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाएवढी जाडी व्हायला असे सुमारे पंचवीस हजार थर एकावर एक रचावे लागतील. डोळ्यांना ते दिसत नाही, आणि ओरखडा पडला तर त्याच क्षणी पुन्हा तयार होतं.

हे कातडं किती कठीण, याचा नमुना बघायचा तर जळगावच्या सराफ बाजारात जा. अंगठीतलं माणिक आणि नीलम ही मुळात याच ॲल्युमिनियम ऑक्साइडची स्फटिकं आहेत. दुसऱ्या धातूंच्या चिमूटभर भेसळीनं त्यांना रंग येतो. वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरचं करडं चाकही बहुतेक वेळा याचंच असतं. नानांच्या कॅनवर जन्मापासून बसलेला थर हा असा.

भोक का पडलं

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्याच्यावरचं कातडं वितळायला दोन हजार अंशांच्याही वर जावं लागतं. सगळं भांडण या दोन आकड्यांमधलं आहे.

पाण्यानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकमेकींना चिकटवून धरा. आत दोन्हीकडे पाणी आहे, तरी ते एक होत नाही, कारण मध्ये प्लॅस्टिक आहे. वेल्डिंग करताना तेच घडतं. चिरेच्या दोन्ही कडा आतून पातळ होतात, पण प्रत्येक कड आपापल्या कातड्यात गुंडाळलेली राहते. वेल्डिंगवाल्याला वाटतं, अजून वितळलं नाही, म्हणून तो आणखी उष्णता देतो. मग पिशवी फुटते आणि आतला माल खाली पडतो.

त्यात आणखी एक अडचण. लोखंड तापताना सांगत जातं: आधी काळपट लाल, मग लालबुंद, मग पिवळं. लोहार त्या रंगावरूनच काम करतो. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. वितळण्याच्या उंबरठ्यावरही ते तसंच चांदीसारखं दिसतं आणि एकदम ढासळतं. जुने गॅस वेल्डिंगवाले यावर एक युक्ती करायचे. पत्र्यावर अंगाच्या साबणाची रेघ ओढायची. ती काळी पडली की समजायचं, माल चांगलाच तापला, आता जपून. ही युक्ती आजही मी मुलांना करून दाखवतो.

उष्णता जाते कुठे?

ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या चौपट-पाचपट वेगानं उष्णता पसरवतं. जर्मनच्या पातेल्यात दूध लवकर तापतं ते यामुळेच. स्वयंपाकात हा गुण, वेल्डिंगमध्ये डोकेदुखी.

ज्यानं वावरात बारं दिलंय त्याला हे लगेच कळेल. कोरड्या सरीत पाणी सोडलं की सुरुवातीला ते पुढे सरकतच नाही, जमीन नुसती पीत राहते. एकदा जमीन भिजली की तेच पाणी धावत सुटतं आणि बेसावध असलात तर बांध फोडतं. ॲल्युमिनियमच्या सांध्यात उष्णता अशीच वागते. पहिला मिनिटभर काहीच होत नाही, कारण सगळा पत्रा उष्णता पीत असतो. नंतर तोच करंट भारी पडतो. म्हणून चांगला कारागीर सुरुवात जोरात करतो, पुढे करंट कमी करत नेतो आणि हात भरभर चालवतो. जाड माल असेल तर आधी थोडा शेकून घेतो.

मग बरोबर पद्धत कोणती?

कारखान्यांत आणि चांगल्या वर्कशॉपमध्ये बहुतेक काम टिग वेल्डिंगनं होतं. टिगमध्ये टंगस्टनच्या न वितळणाऱ्या सुईतून आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी पडते, भोवती आर्गॉन वायूचं छत्र असतं आणि भरणीची तार दुसऱ्या हातानं घालायची असते. आर्गॉन कशाशीच संयोग पावत नाही, त्यामुळे उघड्या पडलेल्या धातूला हवा लागत नाही. लोखंडाच्या मिग मशीनला (ज्यात भरणीची तार आपोआप पुढे सरकते) जोडलेला कार्बन डायऑक्साइड इथे चालत नाही, कारण त्यात ऑक्सिजन आहे आणि ॲल्युमिनियम तो सोडणार नाही.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट करंटची आहे. ॲल्युमिनियमसाठी टिग मशीन एसीवर ठेवतात. एसी म्हणजे दिशा सतत उलटसुलट होणारा करंट. एका दिशेला असताना तो पृष्ठभागावरचं कातडं उडवून लावतो, दुसऱ्या दिशेला असताना धातू वितळवतो. एका हातानं झाडलोट, दुसऱ्या हातानं सारवण, आणि हे सेकंदाला निदान पन्नास वेळा. वेल्डिंगची काळी काच लावून जवळून बघा. मळकट थेंबाभोवती अचानक पांढरी स्वच्छ कड उमटते आणि मधलं तळं आरशासारखं चमकायला लागतं. ते दिसलं की तार घालायची, त्याआधी नाही.

त्याच्या आधीची साफसफाई मात्र हातानंच करावी लागते, आणि निम्मी कामं तिथेच बिघडतात. आधी ॲसिटोननं तेल-ग्रीस पुसायचं, नंतर स्टेनलेस स्टीलच्या ब्रशनं घासायचं. हा क्रम उलटा केला तर ब्रश तेलच आत चोळतो. तो ब्रश पूर्वी लोखंडावर वापरलेला नसावा. गॅरेजमध्ये मिळणारे काही ब्रेक क्लीनर क्लोरीनयुक्त असतात, ते तर चुकूनही वापरू नका. आर्कच्या उष्णतेत त्यांच्यापासून फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो.

ओलावाही तितकाच घातक. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषतं आणि गोठताना तो बाहेर टाकतं. तेलातून, पाण्याच्या थेंबातून, दमट तारेतून हायड्रोजन आला की सांधा वरून देखणा आणि कापून पाहिला तर आतून ढोकळ्यासारखा जाळीदार निघतो. पावसाळ्यात आमच्या वर्गातले निम्मे नमुने याच कारणानं नापास होतात.

लोखंडाच्या मानानं मजुरी इतकी जास्त का, याचं उत्तर यातच आहे. एसी टिग मशीन महाग, आर्गॉनचा सिलिंडर महाग, आणि जोडायला पाच मिनिटं लागत असतील तर घासायला-पुसायला अर्धा तास.

"पण मोबाइलवर तर साध्या गॅसच्या बत्तीवर जोडताना दाखवतात!"

दाखवतात, आणि ते खोटं नसतं. त्या कांड्या बहुधा जस्त मिसळलेल्या असतात आणि सुमारे चारशे अंशांना वितळतात. मूळ धातू वितळत नाही, म्हणजे हे वेल्डिंग नव्हे, डाग देण्याचाच प्रकार आहे. यात वस्तू इतकी तापवावी लागते की कांडी ज्योतीनं नव्हे, वस्तूला टेकल्यावर वितळेल. मग त्या वितळलेल्या मालाखाली टोकदार स्टीलच्या तारेनं खरवडायचं, म्हणजे कातडं फाटतं आणि नवीन धरण्याआधी डाग चिकटतो. व्हिडिओत हे खरवडणं दोन सेकंदांत उरकतं, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. मग घरी ती कांडी थेंब थेंब होऊन घरंगळते.

कूलरच्या पत्र्याला, एखाद्या झाकणाला ही पद्धत पुरते. जिथे भार आहे, दाब आहे, धक्के आहेत, तिथे तिच्यावर विसंबू नका. दुधाच्या किंवा अन्नाच्या भांड्यालाही नको, कारण त्या कांडीत आणखी कोणते धातू आहेत याची खात्री नसते.

गॅस वेल्डिंगवाले फ्लक्स नावाची पावडर वापरतात, ती रासायनिक रीतीनं कातडं विरघळवते. चांगली पद्धत आहे, फक्त काम झाल्यावर ती पावडर गरम पाण्यानं घासून पूर्ण धुवायला हवी. राहिली तर तीच नंतर धातू खात बसते.

जोडलं, पण पूर्वीसारखं मजबूत झालं का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ असतं, म्हणून त्यात दुसरे धातू मिसळून मिश्रधातू करतात. खिडकीचं सेक्शन, शिडी, सोलर पॅनेलची चौकट हे बहुतेक सहा हजार मालिकेतले, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलेले मिश्रधातू. त्यांना कडकपणा येतो तो कारखान्यातल्या भट्टीत काही तास ठरावीक तापमानाला मुरवून. कांजी केलेल्या धोतराची कल्पना करा. पाणी लागलं की कडकपणा गेला, कापड तेच राहिलं तरी. वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी अशीच मऊ पडते आणि ताकद जवळपास निम्म्यावर येते. सांधा तुटत नाही, सांध्याशेजारचं ॲल्युमिनियम वाकतं.

म्हणून वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमच्या शिडीवर कृपा करून चढू नका. सोलर पंपाच्या पॅनेलची चौकट वावधनात वाकली, तर तिच्यावरही आर्क पाडू नका. काचही तडकेल आणि चौकटही दुबळी होईल. पॅनेल बसवणाऱ्यांकडूनच ती बदलून घ्या. ढाच्याचं काम असेल तर स्टेनलेसचे नटबोल्ट लावा.

बोल्ट लावतानाही आपला उन्हाळा विसरू नका. ॲल्युमिनियम उन्हानं लोखंडाच्या दुप्पट लांबतं. जानेवारीच्या पहाटे दहा अंश आणि मेमध्ये छतावर तापून साठ अंश धरले, तर सहा मीटरची पट्टी सात मिलिमीटरनं वाढते. लोखंडाची वाढते साडेतीन. भोकं थोडी लांबट ठेवली नाहीत तर पत्रा फुगतो नाही तर रिव्हेट कापला जातो. खान्देशात बांधकाम करणाऱ्यानं हा हिशोब पाठच करावा.

विमान कसं जोडतात मग?

जास्त करून रिव्हेट मारून. विमानाला लागणारे तांबं किंवा जस्त घातलेले सर्वांत ताकदवान मिश्रधातू वेल्ड केले की गोठताना तडकतात. त्यामुळे लाखो रिव्हेट आणि जोडीला खास चिकटपदार्थ, असा त्यांचा मार्ग आहे. चिकटवणं म्हणजे कच्चं काम, हा समज सोडायला हवा. पृष्ठभाग नीट तयार केला तर चिकटवलेला सांधा भार सगळ्या जागेवर वाटून देतो, आणि उष्णता न दिल्यानं धातूची ताकदही शाबूत राहते.

१९९१ मध्ये इंग्लंडमधल्या टीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत आणखी एक वाट निघाली. धातू वितळवायचाच नाही. एक फिरतं टोक सांध्यात दाबून पुढे न्यायचं. घर्षणानं दोन्ही कडा मऊ होतात आणि कणकेचे दोन गोळे मळून एक करावेत तशा एकजीव होतात. वितळणं नाही, त्यामुळे जाळीही नाही. रॉकेटच्या इंधन टाक्या आता अशा जोडतात.

मोटार, वायर आणि जळका वास

आता वावरातल्या वीजजोडणीकडे येतो, कारण इथे चूक झाली तर मोटार जळते, कधी माणूसही जातो.

आपल्या खांबांवरच्या तारा ॲल्युमिनियमच्याच असतात, मध्ये ताकदीसाठी पोलादी गाभा. लाइनमनच्या तोंडी त्यांची नावं प्राण्यांची: वीझल, रॅबिट, डॉग. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास; तेवढ्याच करंटसाठी तार जाड लागते, तरी वजन निम्मंच भरतं. तिथे ॲल्युमिनियम अगदी योग्य आहे. दोष तारेत नसतो, तो सांध्यात येतो.

डीपीवरून आलेली ॲल्युमिनियमची केबल आणि मोटारीची तांब्याची वायर यांना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळला, की तीन गोष्टी सुरू होतात. मधलं कातडं विजेला अडवतं. ॲल्युमिनियम तापून फुगतं, थंड होऊन आकसतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि सांधा सैल होतो. त्यात दव किंवा पाणी शिरलं की दोन वेगळ्या धातूंची जणू छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं.

पाच एचपीची थ्री फेज मोटार साधारण साडेसात अँपिअर ओढते. सांध्यात फक्त अर्धा ओहम रोध आला तरी तिथे २८ वॅट उष्णता निघते. म्हणजे टेपच्या आत एक सोल्डरिंग आयर्न मोटार चालू असेतोवर ठेवलेलं. स्टार्टरच्या पेटीतून वास येतो तो याचाच.

उपाय अवघड नाही. वायरमनकडे बायमेटल लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचा दोन धातूंचा जोड, मागा. त्याची एक बाजू ॲल्युमिनियमची, दुसरी तांब्याची असते. तार ब्रशनं घासून लगेच जॉइंट कंपाउंड (ग्रीससारखा लेप) लावायचं, म्हणजे हवा लागणार नाही. लग दाबायचा तो क्रिंपिंगच्या पकडीनं, हातोड्यानं नाही. आणि हे काम लाइन बंद करूनच. डीपीकडची बाजू तर वीज कंपनीच्या माणसालाच करू द्या.

आणि स्वयंपाकघरात?

इथेही कातड्याचीच गोष्ट. पाण्याला, दुधाला, भाताला ते दाद देत नाही. आंबट आणि खारट पदार्थ त्याला विरघळवतात, पापडखार आणि सोडा तर त्याहून जास्त. म्हणून चिंचेची आमटी, टोमॅटोचा रस्सा, लोणचं, पापडखार घातलेलं पाणी जर्मनच्या भांड्यात तासन्‌तास ठेवू नये. शिजवलं आणि काढलं तर पोटात जाणारं प्रमाण फार थोडं असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये आठवड्याला दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली. ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम. स्मृतिभ्रंशाशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही. ज्यांची मूत्रपिंडं नीट चालत नाहीत त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून वागावं, कारण शरीरातलं ॲल्युमिनियम बाहेर टाकायचं काम तीच करतात.

न जुळणारं ॲल्युमिनियम रूळ जोडतं

आपल्या पायाखालच्या काळ्या मातीतही ॲल्युमिनियम आहे. पृथ्वीच्या कवचात त्याचं प्रमाण सुमारे आठ टक्के. तरी एकोणिसाव्या शतकात ते इतकं दुर्मीळ होतं की फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन मानाच्या पाहुण्यांपुढे ॲल्युमिनियमचे काटे-चमचे मांडायचा, असं सांगतात. कारण एकच, ऑक्सिजनची मिठी. ती विजेनं सोडवण्याची रीत १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू यांनी स्वतंत्रपणे शोधली. आजही एक किलो ॲल्युमिनियम काढायला सुमारे चौदा युनिट वीज लागते. पाच एचपीची मोटार तीन तास चालेल एवढी. भंगार वितळवून केलं तर त्याच्या वीसाव्या भागात काम होतं, म्हणून जर्मनच्या फुटक्या भांड्याला भंगारवाला चांगला भाव देतो.

हीच मिठी भुसावळ मार्गावर रुळांच्या कामी येते. ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा ऑक्साइड मिसळून पेटवला, की ॲल्युमिनियम लोखंडाकडून ऑक्सिजन हिसकावून घेतं. त्यातून इतकी उष्णता निघते की सुटं झालेलं लोखंड पाण्यासारखं पातळ होऊन रुळांच्या फटीत उतरतं. जर्मन रसायनतज्ज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९० च्या दशकात काढलेली ही रीत, थर्मिट वेल्डिंग. मळी म्हणून वर तरंगतं ते ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपलं तेच कातडं.

नानांची कॅन मी वर्कशॉपमध्ये नेली. भोकाच्या कडा कापून गोल केल्या, त्याच जातीच्या पत्र्याची ठिगळी बसवली, टिगनं जोडली आणि दूध साचायला जागा राहू नये म्हणून आतली बाजू गुळगुळीत केली. रात्री कॅन पाण्यानं भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागदावर बोराएवढा ओला डाग होता. टाचणीच्या टोकाएवढी जाळी कुठेतरी राहिली होती. ती जागा खरवडून, पुसून पुन्हा भरली, पुन्हा पाणी, पुन्हा नवा कागद. दुसऱ्या दिवशी नाना आले, कागद हातात घेऊन उन्हाकडे धरला, उलटून पाहिला, आणि कॅन मोटारसायकलला बांधायला लागले.